खरा साहेब हळू बोलतो

जयेशची बातमी घेऊन लष्कराचे दोन अधिकारी कामतघरला आले, तेव्हा मी त्याच्या घरीच होतो. शेजारच्या कारखान्यात कापड विणायचे लूम चालू होते. काकूंनी, म्हणजे जयेशच्या आईने, दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चक्क हसल्या. "जयेशनी धाडलंय ना तुमाला? या, च्या घ्या. पन मी न्हाय फसायची."

या संशयाला कारण जयेशच होता. माझा हा शाळेपासूनचा मित्र नवा लेफ्टनंट होऊन पहिल्या पोस्टिंगवर गेला, तेव्हा त्याचं स्वागत तिथल्या रिवाजाप्रमाणे झालं. मेसचा स्वयंपाकी कर्नलचा गणवेश चढवून बसला आणि एक कॅप्टन वेटर झाला. खोट्या कर्नलने जयेशला बुटांच्या नाड्यांवरून झापलं, टेबलावर उभं करून गाणं म्हणायला लावलं. सगळे खो खो हसले, तेव्हा त्याला कळलं. त्यानंतर त्याचा कुणावरच विश्वास राहिला नाही. पुढे खरे कर्नल रजेवरून परतले आणि कुर्ता-पायजम्यातच मेसमध्ये आले. जयेश बसल्या जागेवरून म्हणाला, "बस करो भैया, पहचान लिया." ते शांतपणे म्हणाले, "अच्छा? तो फिर चाय पिलाओ." त्याने डोळा मारत चहा ओतला... आणि मागे सगळे ताठ उभे राहिलेले त्याला दिसले.

तो रजेवर आला की काकू हाच किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावत. एकदा त्यांनी विचारलं, "मंग खरा सायब वलखाचा कसा रं?"

"खरा ओरडत नाही गं आये. हळू बोलतो."

त्या दिवशी दोघांपैकी वयाने मोठा अधिकारी खुर्चीवर बसला नाही. टोपी काढून, लूमच्या खडखडाटात जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, डोंगरातल्या रस्त्यावर जयेशची जीप दरीत कोसळल्याचं त्याने सांगितलं. काकूंचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तरी संशय पुरता गेला नाही. जयेशची शवपेटी सीलबंदच आली होती. "पेटी उघडून दाखवली न्हाय," असं त्या कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. वरच्या खोलीत जयेशच्या रजेसाठी बांधलेली मच्छरदाणी तशीच होती. गेल्या रविवारी त्यांनी स्वतःहून मला वर बोलावलं. "धर रं त्या टोकाला." आम्ही मच्छरदाणी उतरवली, घडी घातली. मी पकड घेऊन ती बांधायचे भिंतीतले खिळे काढायला गेलो.

"ऱ्हाऊ दे. गिलावा पडंल."

गिलावा सिमेंटचा आहे, पक्का. ते कारण मला खरं वाटलं नाही... पण मीही पकड खाली ठेवली.