डावीकडचा फाटा

मी पोचलो तेव्हा संपत फाट्यावरच्या दगडाला पाठ टेकून बसला होता. तांबडं हेल्मेट मांडीवर, हातमोजे त्यात घातलेले. त्याची गाडी स्टँडवर उभी होती, इंजिन चालू होतं आणि डावा इंडिकेटर लुकलुकत होता. तिथं आम्ही दोघंच. "चेन उतरली होती रे, हे बघ हात," असं म्हणत मी काळे झालेले हात त्याच्यापुढे धरले. तो बघतोय असंच मला वाटलं... मग कळलं. बाटलीतलं पाणी मी त्याच्या तोंडात घातलं, ते ओठाच्या कडेनं शर्टावर उतरलं. थोड्या वेळानं उजवीकडच्या रस्त्यानं एक पिकअप आली. त्यातल्या दोघांनी हात लावला आणि आम्ही त्याला खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्याची कसलीही खूण नाही, हृदय थांबलं, आणि तुम्ही पोचण्याआधीच थांबलं असणार.

संपत माझा साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, रंजनाचा नवरा. वरवंडजवळ त्याची फुलशेती. झेंडू आणि शेवंती. मी शिरूरला राहतो, कारखान्यात हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो. आमच्यात साडूपणापलीकडे काही जमेल असं लग्नात कुणाला वाटलं नसतं. तो बोलका, मी मोजून बोलणारा. पण त्यानं डांबरावर आणि दगडमातीत दोन्हीकडं चालणारी ती उंच मोटारसायकल घेतली आणि पहिली चक्कर मारायला थेट माझ्या दारात आला. गावानं त्याला आधीच सुनावलं होतं, एवढ्या पैशात ट्रॅक्टरची ट्रॉली आली असती. रंजना तर म्हणाली होती, "ह्या घोड्यावर बसाया शिडी लागती. मी न्हाई बसायची." ती कधी बसलीही नाही. पुढच्या वर्षी मी तसलीच एक जुनी गाडी घेतली. का घेतली, हे माझ्या बायकोला, सुनंदाला, मी आजवर पटवू शकलेलो नाही.

दिवाळीचा झेंडू उरकला की आम्ही दोघं जुन्नरच्या पलीकडे डोंगरात जायचो. घाटातल्या वळणांवर मी बरा होतो, पण कच्ची वाट लागली की माझं धाबं दणाणायचं. संपत चाकातली हवा थोडी कमी करायला लावायचा, पायांवर उभं राहून गाडी चालवायला लावायचा आणि पुढून ओरडायचा, "साडूभाऊ, बूड सोडा की सीटवरनं! हापिसातली खुर्ची हाय का ती?" मी म्हणायचो, पडलो तर? "पडा की. माती हाय, व्हाउचर न्हाई फाटायचं." मग मी पडायचो, तो गाडी उभी करायला मदत करायचा आणि संध्याकाळी रंजनाला फोनवर सांगायचा, "दाजी आज दोनदाच निजले वाटंवर."

डोंगरातल्या वाटेवर पुढच्या गाडीचा धुरळा मागच्याच्या नाकातोंडात जातो. म्हणून मागच्यानं बरंच अंतर ठेवायचं, आणि पुढच्यानं प्रत्येक फाट्यावर थांबायचं. जिकडं जायचं तिकडचा इंडिकेटर लावून, मागचा दिसेपर्यंत. हा नियम संपतचा. तिथं फोनला रेंज नसते, पाटी नसते, आणि फाटा चुकलेला माणूस दुसऱ्याच खोऱ्यात उतरतो. संपत हा नियम इतका पाळायचा की एकदा भर उन्हात, सावली हाकेवर असताना, तो फाट्यावर तापत उभा राहिला होता. मी म्हटलं, झाडाखाली थांबायचंस की. तर म्हणाला, "झाडाखाली मी दिसलो आस्तो का तुमाला?"

दशक्रियेनंतर सगळे पांगले आणि रंजनानं मला पडवीत बोलावलं. तिला एकच विचारायचं होतं. "दाजी, पाणी गेलं का हो त्यांच्या तोंडात? का तहानलेलेच गेले?"

आमच्याकडं शेवटचं पाणी मोठं मानतात. माणूस कसा जगला हे सगळ्यांना ठाऊक असतं, जाताना त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं हे मात्र वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मी सांगितलं, मी घातलं, पण ते आत गेलं असं मला म्हणता येत नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

परत येताना सुनंदा गाडीत माझ्यावर बरसली. "व्हय म्हणायचं हुतं! काय जात हुतं तुमचं? ताळेबंद चुकत हुता का?"

"जे झालं नाही ते कसं सांगू?"

"तिला झोप लागंना झालीय. आन् तुम्ही खरं कवटाळून बसा."

झोप मलाही नव्हती. आणि माझा प्रश्न वेगळाच होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता. आमचं ठरलं होतं उजवीकडं जायचं. उजवी वाट डांबरी रस्त्याला लागते, तिथून घर. मग त्यानं डावा इंडिकेटर का लावला? संपत फाटा चुकणारा माणूस नव्हता. वरवंडहून शिरूरला परतताना रस्त्याच्या कडेला एखादी गाडी इंडिकेटर लावून उभी दिसली की माझा हात आपोआप ब्रेकवर जायचा. पुढं जाऊन बघावं तर कुणी उसाची ट्रॉली वळवत असायचा, नाहीतर फोनवर बोलत असायचा. तरी त्या केशरी दिव्याची उघडझाप घरापर्यंत माझ्याबरोबर यायची... डोळे मिटले तरी चालू. तो मला डावीकडं बोलावत होता, आणि मी पिकअपच्या मागं उजवीकडं गेलो होतो.

एका रविवारी मी एकटाच गेलो. फाट्यावर थांबलो, दगडाकडं बघितलं नाही, आणि डावीकडं वळलो. वाट झाडीतून खाली उतरत होती. वरून काही दिसत नाही, पण उताराच्या पोटात चारदोन घरांची वाडी आहे. पहिल्याच घरापुढं एक म्हातारी वरई पाखडत होती. ठकूबाई तिचं नाव. माझ्या गाडीचा आवाज ऐकून तिनं सूप खाली ठेवलं आणि ती मलाच रागावली.

"आत्ता आला व्हय? च्या आटून गेला की तवाचा!"

मला काही सुधरेना. मी विचारलं, कोणता चहा?

"तो तांबड्या टोपीचा आलाता न्हवं, पानी हुडकत. घामानं निथळत हुता. माठातलं तांब्याभर पानी प्याला, वर आनिक मागून प्याला. मी म्हनलं, बाबा, वट्यावर पड जरा, रंग बरा न्हाई तुजा. तर म्हनला, आजी, माजा साडू मागं हाय, त्यो चुकल, म्या फाट्यावं हुबा ऱ्हातो, त्याला घिऊन येतो, मग पडतो. दोगांचा च्या ठिवा." तिनं हात झटकला. "ठिवला च्या. कोन आलं न्हाई. म्हनलं, शेहरातली मानसं, बोलत्यात आन् जात्यात."

मी ओट्यावर बसलो आणि तिला काय झालं ते सांगितलं. ती मग उठून आतून तांब्या घेऊन आली. "ह्यानंच प्याला," म्हणाली आणि तांब्या माझ्या पुढ्यात ठेवला.

परतताना मला दोन गोष्टी कळत होत्या. रंजनाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते खरं होतं. पण त्याच उत्तराला दुसरी बाजू होती. तो त्या ओट्यावर पडून राहिला असता, तर वाडीतली चार माणसं त्याच्याभोवती असती. कदाचित वाचलाही असता, कदाचित नसता. तो पुन्हा चढ चढून फाट्यावर गेला तो माझ्यासाठी. घरी सगळं ऐकून सुनंदा म्हणाली, "पाण्याचं सांगा. बाकीचं पोटात ठेवा. आता तरी ऐका माझं." मी ऐकलं नाही. अर्धं सांगितलं तर उरलेलं अर्धं मी रोज रंजनाच्या दारात घेऊन जाणार, हे मला ठाऊक होतं.

रंजना शेवंतीच्या वाफ्यात होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चहासकट. ती खुडलेली फुलं पाटीत टाकत राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "दोन तांबे प्याले?"

"एक पूर्ण, आणि वर आणखी."

"गार हुतं का?"

"माठातलं होतं."

ती बांधावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तसाच उभा. मग नाक पुसून म्हणाली, "तुम्ही कशाला मान खाली घालताय, दाजी? ते तुम्हाला डोंगरात सोडून घरी आले असते, तर मीच दारात आडवी झाले असते, माझ्या बहिणीचा माणूस कुठं ठेवला म्हणून." आणि थोड्या वेळानं, "मला तिथं न्या."

मी जीप ठरवतो म्हणालो. तिला जीप नको होती. संपतची गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली होती, तीच काढायला लावली. तिच्या भावानं स्टूल आणलं, तिनं ते पायानं बाजूला सारलं आणि माझ्या खांद्यावर हात रेटून चढली. डोंगरात वाट खडबडीत झाली तशी तिची पकड घट्ट होत गेली, पण हळू चालवा असं ती एकदाही म्हणाली नाही.

ठकूबाईनं तिला काही विचारलं नाही. पाणी दिलं, मग चहा दिला. रंजनानं पिशवीतून लुगडं आणि पैसे काढले. म्हातारीनं दोन्ही परत तिच्या मांडीवर ठेवले. "पान्याचं काय घ्यायाचं, पोरी? पाप लावतीस का?" रंजनानं मग दुसरी पिशवी पुढं केली. तिच्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या शेवंतीच्या काश्या होत्या, मुळाशी फुटलेली कोवळी रोपं. संपतच्याच वाफ्यातल्या. त्या मात्र म्हातारीनं घेतल्या. ओट्याच्या कडेला दोघींनी मिळून माती उकरली आणि लावल्या.

"ह्यास्नी पानी किती लागतं?" म्हातारीनं विचारलं. "उनाळ्यात आमाला पार खालच्या झऱ्यावनं आनावं लागतं."

"थोडंच लागतं," रंजना म्हणाली. "पर रोज लागतं, आजी."

"घालीन की," म्हातारी म्हणाली, आणि तांब्यात उरलेलं पाणी तिनं रोपांच्या बुडाशी ओतलं.