तीन ळ

इंदापूरच्या गिरणीची जुनी पाटी मीच पुसायला लावली. तिच्यावरचा फॉन्ट मला अजून ओळखता आला नव्हता, तरीही.

बारामतीत माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. आमच्या धंद्यात मराठी फॉन्ट नंबरानं ओळखतात, आणि मला ते ओळखायचं व्यसन आहे. लग्नपत्रिका हातात आली की लोक तारीख बघतात, मी वेलांटी बघतो. एकदा दशक्रियेला उभं राहून श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा नंबर शेजारच्याच्या कानात सांगितला. तो मयताचा जावई निघाला.

तर इंदापूरहून एक काकू आल्या. मोबाइलवर गिरणीच्या पाटीचा लांबून काढलेला, धुरकट फोटो दाखवत म्हणाल्या, "दादा, नव्या घराच्या दारावर आमच्या ह्यांचं नाव लावायचंय. ह्याच अक्षरात. ही त्यांनीच काढलेली हायत."

नवरा पेंटर. वर्षापूर्वी वारलेला. गावातल्या त्याच्या बाकीच्या पाट्यांवर फ्लेक्स चढले होते, त्यातले निम्मे माझेच. ही एवढी एक उरली होती.

"काढली असतील, पण कुठला तरी फॉन्ट बघूनच ना," मी म्हणालो. "नंबर सापडू द्या, नावच काय, अख्खी पत्रिका छापून देतो."

"तुमाला म्हाईत," काकू म्हणाल्या.

गिरणीवाल्या तात्यांची नव्या फ्लेक्सची ऑर्डरही माझ्याकडंच होती. माप घ्यायला गेलो आणि भर दुपारी पाटीचा फोटो काढला. तात्यांनी विचारलं, "जुनं राहू द्यायचं का खाली?"

"कशाला? पांढरा मारून घ्या. फोटो हाय माझ्याकडं."

मग शोध सुरू झाला. फॉन्ट ओळखणाऱ्या वेबसाइटला फोटो दिला, तर तिनं दळणाच्या पाटीला पाच इंग्रजी फॉन्ट सुचवले. जुन्या ऑपरेटरांना पाठवला. कुणी हा नंबर म्हणे, कुणी तो. लावून बघावं तर काना जुळे, उकार जुळेना. तिसऱ्या दिवशी फोटो स्क्रीनभर मोठा केला. 'येथे दळण दळून मिळेल.' एका ओळीत तीन ळ. पहिला गरगरीत, दुसरा जरा कललेला, तिसरा जागा संपत आली म्हणून अंग चोरून बसलेला.

फॉन्टमधला ळ शंभरदा आला तरी तसाच येतो. हे काय मला माहीत नव्हतं? त्या पाटीला नंबर नव्हताच. तिथं एका माणसाचा हात फिरला होता, आणि काकूंनी ते पहिल्या दमात सांगितलं होतं.

अक्षरं गिरवून घ्यायला बटर पेपर घेतला आणि एसटीनं इंदापूर गाठलं. पाटीवर पांढऱ्याचे दोन हात मारून झाले होते. नखानं खरवडून पाहिलं, तर खालचा रंगही पांढऱ्याबरोबर सुटून आला.

"तुमीच म्हणाला होता की," तात्या म्हणाले.

फोटोत अर्ध्या पाटीवर ऊन चमकत होतं. त्यातून एका नावापुरतीसुद्धा अक्षरं जुळत नव्हती. परतीच्या एसटीत सवयीनं खिडकीबाहेरच्या पाट्यांचे नंबर ओळखत बसलो. सगळे ओळखता आले. इतकं भकास मला कधी वाटलं नव्हतं.

काकू दुकानात आल्या तेव्हा सगळं सांगून टाकलं.

"खरवडून न्हाय निघत?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, काकू."

त्या स्क्रीनवरच्या फोटोकडं बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "दिसतायत तेवढी अक्षरं उचलतो. बाकीची मी स्वतः हातानं काढून देतो. पैसे नकोत."

काकूंनी पिशवी खांद्याला अडकवली. "दार मोकळं ऱ्हायलं तरी चालंल. तुमचं अक्षर बघितलंय मी पावतीवर, कोंबडीनं उकरल्यागत हाय."