वैमानिकाचं जॅकेट आणि धुळ्याचं ऊन

नाटक संपलं की भाड्याचा सेट वखारीत परत जातो, मिशा डब्यात जातात, तलवारी पोत्यात जातात. किस्से मात्र परत न्यायला कुणी येत नाही. ते आपल्याच घरी मुक्कामाला राहतात! आमच्या धुळ्याच्या हौशी नाट्यमंडळाचे माझ्याकडे इतके साठलेत की त्यांना वेगळी खोली बांधावी लागेल. आज फक्त एका जॅकेटाचे सांगतो.

पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती. जिकडेतिकडे विमानांच्या गोष्टी चालायच्या. आमचे दिग्दर्शक नाना, म्हणजे शाळेतले ड्रॉइंग मास्तर. त्यांनी एक नाटकच लिहून काढलं. विमान पडतं, वैमानिक मेला असं सगळे धरून चालतात, आणि सात वर्षांनी तो त्याच चामडी जॅकेटात गावात परत येतो. नाटक जळगावच्या स्पर्धेला न्यायचं ठरलं. मंडळाची ती पहिलीच स्पर्धा. वैमानिक झाला बँकेतला सुधाकर. मी शाळेचा कारकून, म्हणून प्रॉम्प्टिंग आणि सामानसुमान माझ्याकडे.

सगळं जमलं. जॅकेट कुठून आणायचं?

* * *

गल्ली नंबर पाचच्या टोकाला काशिनाथभाऊंचं दुकान होतं. टांग्याच्या घोड्यांचे साज शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कोट मात्र त्यांनी जन्मात शिवला नव्हता. नानांनी रद्दीतल्या इंग्रजी मासिकातलं एका वैमानिकाचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. भाऊंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "माणूस पाठवा."

सुधाकर माप द्यायला गेला, सोबत मी. भाऊंनी घोड्याचीच टेप काढली, छातीला गुंडाळली. सुधाकरला गुदगुल्या व्हायला लागल्या. तो एकदा डावीकडे वळे, एकदा उजवीकडे, मधेच खिदळे. तीनदा माप चुकलं.

शेवटी भाऊंनी चष्मा काढला. "सुधाकर, तीस वर्षं मापं घेतोय. एकाही घोड्यानं मला एवढा त्रास दिला नाही!"

* * *

जॅकेट मात्र असं झालं की बघत राहावं! बकरीचं मऊ चामडं, गडद तपकिरी रंग, पितळी चेन, कमरेला पट्टा. तालमीत सुधाकर ते घालून आत आला तर वरचा दिवा त्याच्या खांद्यावर चमकला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नाना कपाळाला हात लावून बसले. "अरे, सात वर्षं डोंगरात काढली ना ह्यानं? हा तर साखरपुड्याहून आल्यासारखा दिसतोय!"

कुणी म्हणालं राख चोळा, कुणी म्हणालं विटेनं घासा. नाना जॅकेट घेऊन परत दुकानात गेले. काशिनाथभाऊ आधी जरा दुखावले. नवी वस्तू जुनी करा असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं. मग म्हणाले, "घासू नका, चामडं फाटेल. उन्हाला द्या. सकाळी पाण्याचा हात फिरवा, चुरगळा, दिवसभर तापू द्या. चार दिवसांनी एरंडेल चोळा, नाहीतर तडकेल. धुळ्याच्या मे महिन्यानं माणसं म्हातारी होतात, जॅकेट काय चीज आहे!"

* * *

मोठी गच्ची म्हणजे पारसशेठची. कापडाचे व्यापारी, नाटकाचे शौकीन. ते लगेच हो म्हणाले. मी जॅकेट घेऊन जिना चढायला लागलो तर वाटेत त्यांच्या आई उभ्या. त्यांना सगळे बाईजी म्हणायचे. कडक जैन घर.

"कशाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी हळूच म्हणालो, "बकरीचं, बाईजी."

"आणि गच्चीवर काय करणार?"

"उन्हात ठेवणार. रोज. महिनाभर."

बाईजी जॅकेटाकडे बघत राहिल्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बिचारी एकदा मेली ना रे! आता रोज कशाला मारता?"

मी आल्या पावली जिना उतरलो. नंतर कितीतरी दिवस जॅकेटाला पाणी लावताना मला त्या बकरीची माफी मागावीशी वाटायची!

* * *

मग माझ्याच शेजारच्या अक्कांची गच्ची मिळाली. अक्का मूळच्या पिंपळनेरकडच्या, बोलणं सगळं अहिराणीत. तिथे पापड-कुरडयांचा हंगाम भरात होता. अक्कांनी मधोमध खडूनं रेघ ओढली. "तुना चामडा त्या कोपराले, मना पापड ह्या कोपराले. रेघ वलांडी तर खाले फेकी दिसू!"

जॅकेट पालथं पसरलं तर फक्त पाठ फिकी पडायची. म्हणून मी त्यात कडबा भरला, बाह्यांत काठी घातली आणि बांबूवर उभं केलं. चारी बाजूंनी ऊन!

आठवड्यानं तालमीसाठी न्यायला गेलो तर अक्का आडव्या आल्या. "नही देवाऊ!"

"अक्का, असं काय? तालीम आहे!"

"हाऊ तुना वैमानिक उना, तवपासून एक कावळा नही उना! मन्या बठ्ठ्या कुरडाया वाळू दे, मंग लई जाय!" आमचा वैमानिक अक्कांच्या कुरडयांचं बुजगावणं झाला होता!

त्या आठवड्यात सुधाकरनं वैमानिकाची तालीम बायकोच्या शालीत केली. बायको म्हणजे नानांची. सुधाकरचं अजून लग्न व्हायचं होतं!

* * *

एका दुपारी वावटळ उठली. मी शाळेत होतो. अक्कांनी जॅकेट बांबूवरून काढून पालथं घातलं, आणि उडू नये म्हणून हाताशी होता तो पोळपाट त्यावर उपडा ठेवला. मला सांगायला विसरल्या. शाळेत निकालांची कामं होती, म्हणून तीन दिवस मला गच्चीवर जाणं जमलं नाही. मग पोळपाट उचलला तर जॅकेटाची पाठ फिकट, आणि मधोमध गडद तपकिरी वाटोळा चंद्र!

मला रडू यायचं बाकी होतं. नानांकडे नेलं. त्यांनी जॅकेट दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग नाटकाची वही मागवली आणि नवीन वाक्य घातलं: 'ही पॅराशूटची खूण आहे, आई. सात वर्षं ह्याच जागी बांधलेलं होतं ते.'

जळगावला एका परीक्षकांनी त्या खुणेचं फार कौतुक केलं. "असा बारीक अभ्यास हल्ली कोण करतं?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "त्यासाठी आम्ही तज्ज्ञ बाईंचा सल्ला घेतला होता."

* * *

रंग उतरला, पण कोपरं कोरीच. काशिनाथभाऊ म्हणाले, "सुरकुत्या कडब्यानं पडत नाहीत. आत माणूस पाहिजे. घामानं भिजलं पाहिजे."

झालं! सुधाकर रोज दुपारच्या सुट्टीत जॅकेट घालून, गळ्यापर्यंत चेन ओढून, सायकलवर नकाणे तलावाकडे जायला लागला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. उसाच्या रसवाल्यानं पहिल्या दिवशी त्याला बर्फ दिला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा पत्ता!

नेमके त्याच आठवड्यात शिरपूरहून एक गृहस्थ आपल्या मुलीसाठी सुधाकरची गुपचूप चौकशी करायला आले होते. बँकेत विचारलं, शेजारी विचारलं, सगळं पसंत पडलं. परत जाताना त्यांना भर दुपारी दोन वाजता नवरामुलगा दिसला. चामड्याच्या जॅकेटात, घामाघूम, दात आवळून पॅडल मारतोय!

तीन दिवसांनी निरोप आला. 'मुलगा चांगला आहे. पण मे महिन्यात थंडी वाजते, त्याचं काय?'

सुधाकर हबकलाच. स्थळ आल्यापासून मुलीचा फोटो त्याच्या खिशातच असायचा. रविवारची पहिली एसटी पकडून तो शिरपूरला गेला. नाटक, ऊन, कडबा, कावळे, सगळं सांगितलं. दाराआड मुलगी उभी होती. ती एकच वाक्य बोलली, "नाटक कधी आहे?"

पावसाळ्यानंतर लग्न झालं. सासऱ्यांनी जावयाला आहेरात काय द्यावं? जाड लोकरीचा स्वेटर!

* * *

आता जळगावचा प्रयोग. थिएटर भरलेलं. आपलं जॅकेट रंगमंचावर कसं दिसतं ते बघायला काशिनाथभाऊ मुद्दाम आले होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. त्यांनी आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं. आम्ही त्यांना चौथ्या रांगेत कडेला बसवलं.

तिसरा अंक. वैमानिक परत आलाय, पण गावचा पाटील त्याला ओळखायला तयार नाही. मधोमध उभा राहून पाटील गरजतो, "हा तोतया आहे! हे जॅकेट खोटं आहे! बाजारातून विकत आणलंय!"

पुढचं वाक्य आईचं होतं. तेवढ्यात चौथ्या रांगेत काशिनाथभाऊ ताडकन उभे राहिले.

"ओ पाटील! तोंड सांभाळून बोला! बाजारातलं नाही ते! एकेक टाका माझ्या हातचा आहे! ह्याच पोराच्या छातीचं माप घेऊन शिवलंय मी!"

सगळ्या माना चौथ्या रांगेकडे वळल्या. पाटलाचं काम करणाऱ्या आमच्या गड्याचा चेहरा पांढराफटक. आई आपलं वाक्य विसरली. विंगेत मी वहीत शोधतोय, पण हे वाक्य वहीत असेल तर ना! नाना माझ्या मागे खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांची मेहनत गेली!

सुधाकर हलला नाही. तो सावकाश पुढे आला, काशिनाथभाऊंकडे बघून त्यानं हात जोडले. मग पाटलाकडे वळला. आवाज खरंच भरून आला होता. "पाटील, माझं माप घेणारा माणूस समोर उभा आहे. आता तरी पटलं?"

असल्या टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. पाटलानं आपण होऊन फेटा काढून सुधाकरच्या पायाशी ठेवला. तेही वहीत नव्हतं!

निकाल लागला. आम्हाला दुसरा नंबर. शिवाय परीक्षकांनी एक खास प्रशस्तिपत्र जाहीर केलं, प्रेक्षकांत बसून सहज अभिनय करणाऱ्या वृद्ध कलावंताला!

काशिनाथभाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, नीट घडी करून टोपीत ठेवलं. मग नानांना बाजूला ओढून हळूच विचारलं,

"नाना, पुढच्या प्रयोगाला मी चौथ्याच रांगेत बसू, की जरा पुढे येऊ?"