‘नो इश्यू’ म्हणजे सगळे खाली

चांगुणाबाई मढवींना इंग्रजी येत नाही, आणि म्हणूनच त्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, मार खाल्लेला माणूस म्हणून लिहितोय.

घणसोली गावात, जिथे दोन घरांच्या मधून जाताना पोट आत ओढून घ्यावं लागतं, तिथे त्यांचं घर आहे. खाली त्या एकट्या राहतात. वरच्या तीन खोल्यांत आम्ही तीन भाडेकरू: कुलदीप, विपुल आणि मी, तेजस, मूळचा बार्शीचा. तिघेही ऐरोलीच्या कंपन्यांत चिकटलेले. माझी नोकरी तर अशी की गावाकडे कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. मी ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहितो. एखाद्याचा फ्रीज पेटला तर ‘आपल्याला झालेला इनकन्व्हिनियन्स’ एवढ्यावर त्याची बोळवण करायची, यासाठी मला पगार मिळतो.

बाईंचं म्हणणं साधं होतं. “पोरगा घरात सरल बोलतो. इंग्लिश बोलाया लागला का समजायचा, कायतरी फुटला.”

वीस वर्षांचे भाडेकरू बघून त्या या निष्कर्षावर आल्या होत्या. विपुल एकदा जिन्यातून म्हणाला, “मावशी, बाथरूममध्ये स्लाइट लीकेज आहे.” त्या बादली घेऊन वर गेल्या आणि बादली कमी पडली. तेव्हापासून ‘स्लाइट’ ऐकलं की त्या दोन बादल्या उचलतात. ‘मायनर’ म्हणजे गवंडी, हा शोध माझ्यामुळे लागला. मी पडद्यासाठी भिंतीत खिळा ठोकला आणि मायनर क्रॅक गेलाय म्हणालो. दुसऱ्या दिवशी माझ्या पलंगावर पडून शेजारच्यांचा टीव्ही दिसत होता. आणि वाक्य ‘अ‍ॅक्चुअली’ने सुरू झालं, तर ते संपायच्या आत बाई उठून चप्पल घालतात. एवढ्या वर्षांत ‘अ‍ॅक्चुअली’च्या पुढे चांगली बातमी आलेली त्यांनी ऐकली नव्हती.

सगळ्यात वरचा दर्जा ‘नो इश्यू’चा. तो कुलदीपने मिळवून दिला. त्याने ओली जीन्स हीटरवर वाळत घातली होती. थोड्या वेळाने तो काळं तोंड घेऊन जिन्यात आला आणि म्हणाला, “नो इश्यू, आंटी, नो इश्यू.” त्याच्या मागे पडदा जळत होता. बाई खाली मासे धूत होत्या. त्यांनी टोप उचलला, वर आल्या आणि पाणी माशांसकट पडद्यावर ओतलं. कुलदीपच्या खोलीला अजून पावसाळ्यात बोंबलाचा वास येतो. त्या दिवसापासून नियम ठरला: ‘नो इश्यू’ ऐकू आलं की गॅस बंद, मेन स्विच बंद, सगळे खाली.

मग दोनेक वर्षांपूर्वी बाईंची नजर कमी व्हायला लागली. आता खरं बोलायचं तर लाज वाटते, पण बोलतो. त्यांना कमी दिसायला लागलं तसं आमचं आयुष्य सोपं झालं. माझ्या हातून कुकर पडून कडप्प्याच्या ओट्याचा कोपरा फुटला. मी त्यावर चिकटपट्टी मारली, वर वर्तमानपत्र घातलं आणि पाण्याचा फिल्टर ठेवला. दर रविवारी बाई खोल्या बघायला यायच्या. ओट्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “बरा ठेवलास रं.” मी मान खाली घालून चहा करायचो.

रविवारी आम्हाला खालून एकेक वाटी यायची, करंदीच्या रश्श्याची. ही बारकी कोलंबी साफ करणं म्हणजे डोळ्यांचं काम, आणि त्यात बाईंचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. हळूहळू आमच्या वाटीत मिशा यायला लागल्या. मग डोकी आली. आम्ही तिघं दातांतून मिशा काढत वाट्या परत करायला गेलो आणि एका सुरात म्हणालो, “ऑसम, मावशी.”

पुढच्या रविवारपासून वाटीत अंडी यायला लागली.

‘ऑसम’ ऐकून त्यांना कळलं होतं. आम्हालाही कळलं होतं. तरी आम्ही तिघांनी अंडी खाल्ली आणि गप्प राहिलो, कारण डोळे नीट झाले तर आधी आमच्याच खोल्या दिसणार होत्या.

शेवटी एका सकाळी बाई जिन्याची खालची पायरी चुकल्या आणि दारात बसकण मारली. आम्ही तिघं धावलो. कुलदीपने विचारलं, “आंटी, लगा क्या?”

बाईंनी पदर झटकला, आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “नो इश्यू.”

बाईंच्या तोंडून इंग्रजी. आम्ही एकमेकांकडे बघितलं. विपुलने सवयीने जाऊन मेन स्विच बंद केला. कुलदीप लॅपटॉप छातीशी धरून गल्लीत जाऊन उभा राहिला. मी त्यांच्या मुलीला, करंजाड्याला राहणाऱ्या सुचिताताईला फोन लावला.

“ताई, मावशी नो इश्यू म्हणाल्या.”

“कोण म्हणालं?”

“मावशी.”

“निघाले,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हाडांच्या दवाखान्यात दाखवलं, हाड मोडलं नव्हतं. पण ताईने त्यांना तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, आणि मन खात होतं म्हणून मीही रिक्षात बसलो. डॉक्टर तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, हसरा. त्याने दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढला नाही तर उजवा डोळा जाईल, असं ताईला बाजूला घेऊन सांगितलं. मग बाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाला, “आजी, मायनर प्रोसीजर आहे.”

बाई म्हणाल्या, “डोल्यात गवंडी घालनार? नको.”

डॉक्टर गोंधळला. “नाही नाही, अ‍ॅक्चुअली...”

बाईंच्या पायात तोवर चप्पल होती.

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या, हात घट्ट बांधून. ताईने विनवलं, रागावली, शेवटी रडकुंडीला आली. बाई हलेनात. एक डोळा जायची वेळ आली होती आणि मध्ये आडवी आली होती ती आम्हीच त्यांना शिकवलेली भाषा. मी आत गेलो. डॉक्टरला म्हणालो, “साहेब, मी पोटासाठी हीच भाषा लिहितो, म्हणून सांगतो. ती त्यांच्यापुढे वापरू नका. आहे ते मराठीत सांगा, वाईटसुद्धा सांगा.”

तो भला माणूस. बाहेर आला आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसला.

“आजी, डोळ्यातलं भिंग गढूळ झालंय. ते काढायचं आणि नवं बसवायचं. दोन-चार दिवस चुरचुरेल.”

“बिघडला तर?”

“क्वचित बिघडतं. पण नाही केलं तर नक्की बिघडणार.”

बाईंनी त्याच्या दिशेने मान वळवली. “आता कसा मानसासारखा बोललास,” त्या म्हणाल्या. मग ताईचा हात चाचपून धरला. “मना भ्या वाटतंय, पोरी.”

“मलापण,” ताई म्हणाली.

आणि बाई ऑपरेशनला तयार झाल्या.

महिन्याभराने, रविवारी, जिन्यात पावलं वाजली. काळा चष्मा कपाळावर सरकवून बाई माझ्या दारात उभ्या होत्या. त्यांनी छत बघितलं, भिंत बघितली, खिळा बघितला. मग ओट्यापाशी जाऊन फिल्टर बाजूला केला आणि वर्तमानपत्र उचललं. माझ्या तोंडातून आपसूक “अ‍ॅ...” एवढं निघालं. बाईंनी दाराशी काढलेल्या चपलेकडे बघितलं.

मी तो शब्द गिळला आणि म्हणालो, “मावशी, ओटा फुटलाय. माझ्या हातून कुकर पडला. दीड वर्ष झालं. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून मी बोललो नाही.”

“म्हाईत हाय,” बाई म्हणाल्या. “दिसत नव्हता, पन हाताला लागत व्हता. तू कवा बोलशील, वाट बघत व्हते.”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि गवंड्याला हाक मारायला खाली गेल्या.

दुपारी वाटी आली. करंदी होती. मी चमच्याने तळापर्यंत शोधलं, एक मिशी सापडली नाही. वाटी परत द्यायला गेलो तेव्हा बाई जिन्याशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता दोन्ही डोळ्यांनी.

“मीठ जरा जास्त झालंय, मावशी,” मी म्हणालो.

बाई खूश झाल्या आणि माझ्या हातातली वाटी घेऊन त्यांनी ती पुन्हा भरली.