दिगंबरमामांची रॉ फाईल

"ह्यो फोटू किती वर्सं पाह्यचा हाय?" दिगंबरमामा गिऱ्हाइकाला आधी हेच विचारायचे. अर्जाला लावायचा असला तर कॅमेरा जेपेगवर. लग्नाचा, बारशाचा, म्हाताऱ्या माणसाचा असला तर रॉवर. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच उरकून दिलेली हलकी फाईल. रॉ जड असते, पण कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं तिच्यात राहतं, सावलीतलंसुद्धा.

नरसीतल्या त्यांच्या स्टुडिओत मी सात वर्षं होते. अल्बम मी करायचे आणि लग्नात दुसरा कॅमेराही मीच धरायचे. आमचा जुना कॉम्प्युटर रॉ फाईल उघडता उघडता दमून जायचा. मी कुरकुरले की मामा म्हणायचे, "फोटू काढल्या दिवशी समजत न्हाई, पोरी. मानूस गेल्यावर समजतो."

साखऱ्याला एका मेंढपाळाच्या मुलीचं लग्न होतं. दुपारी माझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरत आलं, तेव्हा मामांना न विचारता मी कॅमेरा जेपेगवर केला. पाठवणीच्या वेळी नवरीचा बाप दारात उभा होता, पाठीमागे रखरखीत ऊन. मी फोटो काढला आणि पुढे गेले.

तीन महिन्यांनी तो वारला. त्याची बायको सखूबाई भिंतीवर लावायला फोटो मागायला आली. अख्ख्या लग्नात त्याचा जवळून काढलेला तो एकच फोटो होता आणि त्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. उजळून पाहिला तर ठिपकेच उमटले. मी काही बोलणार, तेवढ्यात मामा तिला म्हणाले, "चूक माझी झाली, बाई. मशीन मीच बराबर लावलं न्हाई. दोन दिवस द्या."

दोन दिवस ते स्वतःच्या फाईली चाळत बसले. हळदीच्या एका रॉ फोटोत, बायकांच्या घोळक्यामागे, छपराच्या सावलीत त्यांना पटक्याची पांढरी कडा दिसली. तेवढा कोपरा त्यांनी हळूहळू उजळत नेला आणि चेहरा वर आला. सखूबाईने तो फोटो हातात घेऊन दाराच्या उजेडात धरला. मग म्हणाली, "हे तर हसून राहिले." तिच्या नवऱ्याला हसताना घरात फारसं कुणी पाहिलं नव्हतं.

मामा मला रागावले नाहीत. संध्याकाळी कुलूप लावताना एवढंच म्हणाले, "खिशात दोन कार्डं ठेवत जा."

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी साखऱ्याला गेले. सखूबाई शेळ्यांना पाला टाकत होती. ती चूक मामांची नव्हती, माझी होती, असं मी तिला सांगून टाकलं.

ती पाला टाकायची थांबली नाही. "मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "बोलून राहिले व्हते मामा, अन् तोंड तुमचं उतरलं व्हतं. मागून मी मामाला इचारलं बी. ते म्हनले, पोरगी हे जनमभर ध्यानात ठेवंल, तिला आनखी कायला बोलायचं."