देवघरावरचं झाकण

आधी माफी मागतो. मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. देवळीजवळ आमची भाजीपाल्याची वाडी आहे, आणि घरात लिहिणं म्हणजे कॅलेंडरवर फवारणीची तारीख टाकणं. या विषयातला मी फार मोठा जाणकारही नाही. वर्ध्यात बीएस्सी करताना एका प्राणीमित्र गटाबरोबर काम केलं, एवढंच. शिवाय जे सांगणार आहे त्यात चूक माझीच आहे. तरी सांगतो.

भोयर बाई फाटकातच उभ्या होत्या.

"तूच का तो मांजरवाला?"

"हो बाई. म्हणजे, राहुलदादांनी पाठवलं."

"मांजर नाई ते. मांजर असं नाचत नाई. ये."

बाई निवृत्त शिक्षिका. जुन्या कॉलनीत एकट्या राहायच्या. घरावर टिनाचं छप्पर आणि खाली प्लायवूडचं सिलिंग. दिवस मावळला की सिलिंगवर धावपळ सुरू व्हायची. झोपायच्या खोलीत वरून पिवळे डाग उतरले होते.

"पहिले आठ दिवस मले वाटलं, शेजारी कोणी चांगला तांदूळ शिजवून राह्यलं," बाई म्हणाल्या. "मग लक्षात आलं, वास वरून येते."

तेवढ्यावरून मी ओळखलं. उदमांजर. याच्या अंगाला खरंच सुगंधी तांदळासारखा वास येतो. लांब शेपटीचा, काळपट, फळं आणि उंदीर खाणारा प्राणी. दिवसा झोपतो, संध्याकाळी बाहेर पडतो. लोक याला मसण्याउद म्हणतात आणि उगाच घाबरतात.

कुंपणापलीकडून शेजारचे काका ऐकत होते. "बाई, काऊन या पोरांच्या नादी लागता? केळ्यात औषध घालून ठेवतो. दोन दिवसांत मोकळं."

मी चाचरत सांगितलं की तो गुन्हा आहे. हा प्राणी वन्यजीव कायद्याखाली येतो. मारायचं तर नाहीच, वनविभागाला विचारल्याशिवाय पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडताही येत नाही. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बहुतेक जगतही नाही.

"मग करायचं काय? आरती?" काका म्हणाले.

बाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. मला म्हणाल्या, "आठ दिवस देते तुले. त्यापुढे माझ्याच्यानं यांना आवरणं होणार नाई."

म्हणजे आठ दिवसांत मला ते जनावर जिवंत बाहेर काढायचं होतं. नाहीतर केळं ठरलेलं.

आमची पद्धत साधी आहे. आधी प्राणी कुठून ये-जा करतो ते शोधायचं. मग आत पिलं आहेत का ते पाहायचं. नसतील तर प्राणी बाहेर गेला की जागा बंद करायची. पिलं असतील तर ती मोठी होऊन स्वतः बाहेर पडेपर्यंत थांबायचं.

वाट लगेच सापडली. आंब्याची एक फांदी छपराला टेकली होती. तिथेच छज्ज्याच्या वर टिनाखाली हातभर भोक होतं. मी बाईंकडून रांगोळी मागून घेतली आणि छज्ज्यावर पातळ पसरली. ठसे पाहायला रांगोळीसारखी सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठसे उमटलेले होते. जातानाचे आणि येतानाचे. सगळे एकाच मापाचे.

दादांना फोन केला. राहुलदादा दिवसा इलेक्ट्रिशियनचं काम करायचे, आमच्या गटात सगळ्यांत अनुभवी. "ठशाचं ठीक हाय," ते म्हणाले. "रांगत्या पिलाचे ठसे बाहेर येत नसतेत. सिलिंगवर चढून पाह्यलं का?"

"पाह्यलं," मी म्हणालो.

मी पाहिलं नव्हतं. म्हणजे शिडीवरून भोकात मोबाईलचा टॉर्च मारला होता. समोर एक आडवं लाकूड होतं, त्यापुढचं दिसत नव्हतं. सिलिंगवर चढायचं झाकण घरात एकच होतं आणि ते देवघरात होतं, बरोबर देव्हाऱ्याच्या वर. चढायचं तर देव्हाऱ्याशेजारी स्टूल ठेवायचं आणि देवांच्या डोक्यावर पाय टाकायचे. आमच्या घरी देवाकडे पाय करून कोणी बसतही नाही. इथे तर परक्याचं घर, परक्याचे देव. बाई त्या वेळी पूजा करत होत्या. देव हलवा असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी दोनदा देवघराच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी मागून परत आलो.

त्या संध्याकाळी उदमांजर फांदीवरून बाहेर गेलेलं आम्ही दोघांनी अंगणातून पाहिलं. मी शिडी लावून भोकावर लोखंडी जाळी बसवली आणि स्क्रू घट्ट केले. बाईंनी चहा दिला. "एवढं सोपं होतं?" त्या म्हणाल्या. मला फार बरं वाटलं होतं.

सकाळी साडेसहाला फोन आला. "गणेश, वरून रडल्याचा आवाज येऊन राह्यला. लवकर ये."

सायकल कशी हाकली ते आठवत नाही. जाळीवर नखांचे ओरखडे होते. एका कोपऱ्यात तार वाकली होती आणि तिला रक्त लागलं होतं. आई आत शिरायला झटली होती. दिवस उजाडल्यावर कुठेतरी लपून बसली असणार.

दादा माझ्यामागोमाग पोहोचले. त्यांनी जाळी पाहिली, मग मला पाहिलं.

"पाह्यलं म्हणलं होतंस ना?"

मी खरं सांगितलं. झाकण, देव्हारा, सगळं. बाई तिथेच उभ्या होत्या. त्या आत गेल्या. देव एकेक करून उचलले, पदराने पुसले, ताटात ठेवले आणि ताट पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवलं.

"देव सरकतात, बेटा," त्या म्हणाल्या. "विचारायचं होतं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर तीन पिलं होती. दोन कोपऱ्यात एकमेकांना चिकटून ओरडत होती. तिसरं भिंत आणि प्लायवूडच्या फटीत अडकलं होतं. टिनाच्या कडेने त्याचा डावा कान फाटला होता. ओरडत नव्हतं. हातमोज्यातून हाताला लागलं ते थंड.

दादांनी वनविभागाला कळवलं. वनरक्षक कुमरे मॅडम तासाभरात आल्या. त्यांनी पंचनामा केला, म्हणजे काय दिसलं ते साक्षीदारांसमोर लिहून घेतलं. मग सरळ निर्णय दिला. जाळी काढायची. दोन धडधाकट पिलं जागेवरच ठेवायची, आई परत येते. तिसरं उपचार केंद्रात न्यायचं.

"माणसाचा हात लागला तर आई घेत नाई म्हणतात," बाईंनी विचारलं.

"म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "ती घेते. आपण दूर राहायचं फक्त."

खोक्यात जुना टॉवेल घालून तिसरं पिलू गेलं. बाई फाटकापर्यंत गेल्या. "याचं काय होते ते कळवजो बरं," त्या मॅडमना म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही अंगणात दिवा न लावता बसलो. शेजारचे काकासुद्धा येऊन बसले. अंधारून आलं तशी फांदी हलली. आई लंगडत आली, थांबली, हवेत नाक वर केलं आणि भोकात शिरली. रडणं बंद झालं.

काकांनी घसा खाकरला. "केळी आणली होती घरी," ते म्हणाले. "साधीच. खात असली तर ठेवू?"

"नका ठेवू," दादा म्हणाले. "सवय लागते."

पुढचा दीड महिना माझ्या आयुष्यातला चांगला काळ होता, हे मला तेव्हा कळलं नाही. रोज संध्याकाळी मी रांगोळी पसरायला जायचो. बाई चहा आणि चिवडा द्यायच्या. माझी नोंदवही तपासायच्या, लाल पेनाने. 'प्राणी गेली' असं लिहिलं होतं, त्याखाली दोन रेघा. माझं इंग्रजीही त्यांनीच तिथे अंगणात सुधारलं. सिलिंगवर दणदण सुरू झाली की वर न पाहता म्हणायच्या, "सुट्टी झाली वाटते यांची." आणि निघताना रोज एकच प्रश्न: "तिसऱ्याचं काही कळलं का?"

"नाई बाई. ठीक असेल."

मग एका सकाळी रांगोळीत मोठ्या ठशांमागे बारके ठसे उमटले. दादांनी भोकावर एकतर्फी झडप लावली. ही बाहेरच्या बाजूला उघडते, आतून ढकलून जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. चार दिवसांत सिलिंग शांत झालं. "आता गवंडी बोलावून सिमेंट लावून घ्या," असं बाईंना सांगून आम्ही काम संपवलं.

तिसऱ्या पिलाचं मात्र कळलं नाही. कुमरे मॅडमची बदली झाली. केंद्रात फोनवर "विचारून सांगतो" म्हणाले. मी वनविभागाच्या ऑफिसात दोनदा गेलो. दोन्ही वेळा साहेबांची गाडी उभी पाहून फाटकातूनच परतलो. बाई दर दिवाळीला फोनवर विचारायच्या. मी म्हणायचो, ठीक असेल.

या कामाने मला शिकवलं ते एवढंच: बंद करण्याआधी आत पाहावं, आणि पाहता येत नसेल तर विचारावं. शिकून झालं तरी विचारायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या महिन्यात केळझरच्या बसथांब्यावर कुमरे मॅडम दिसल्या. वर्दीत होत्या, सोबत अधिकारी होते. मी पाय मागे घेत होतो, पण या वेळी गेलो.

"मॅडम, ते फाटलेल्या कानाचं पिलू?"

त्यांना आठवायला क्षणभर लागला. "अरे, ते! माझ्या बदलीआधीच सोडलं ना. मीच होती तिथं. दार उघडलं तर अर्धा तास बाहेर यायले तयार नाई. मग निघालं ते मागे पाह्यलंच नाई. तुम्हाले कोणी सांगितलं नाई?"

"मी धड विचारलंच नव्हतं."

तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग आता ती झडप खाली करायले हरकत नाई."

"म्हणजे? सिमेंट लावलं नाही?"

"कसं लावू? त्या तिसऱ्याचं कळलं कुठे होतं? परत आलं तर? झडप दोरीनं वर बांधून ठेवली होती. एक बोका येत होता मधे, त्याले हाकललं." मग बाईंचा आवाज वर्गातला झाला. "रविवारी ये. सिमेंट मी आणून ठेवते. आणि हे पाह, आधी वर चढून पाहजो. देव मी सकाळीच सरकवून ठेवते."