मखर मशीनमध्ये टाकणार कोण?

चार बायका एका शेडमध्ये कामाला लागल्या की हसण्यापेक्षा घाबरण्याचेच किस्से जास्त जमतात. आमची शेड मुरबाडजवळ. टाकाऊ थर्माकोल मशीनमध्ये चुरायचा, तापवायचा. खाली घट्ट पिठासारखा लगदा पडतो, थंड झाला की त्याची लादी होते. त्या लाद्यांपासून कारखान्यात फोटोफ्रेमच्या पट्ट्या बनतात.

पहिल्याच दिवशी शेठनी मूठभर थर्माकोल लांब नेऊन त्याला काडी लावली. भस्सकन पेटला, काळा धूर! म्हणाले, "ढिगात ठिणगी पडली तर पळायलाही मिळणार नाही."

आमच्यातल्या काशीला त्या दिवशी डबा गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिचे सासरे विडी ओढत शेडवरून निघाले. ज्यांच्यासमोर तिने कधी मान वर केली नव्हती, त्यांच्या तोंडातली विडी तिने ओढून काढली!

"मामा, घरी जाऊन ओढा. नायतर सून दिसायची नाय!"

शहापूरहून आलेल्या टीव्हीच्या खोक्यांतून एकदा मण्यार निघाली. आम्ही जीव घेऊन ढिगावर चढलो. थर्माकोलच तो! कमरेपर्यंत आत गेलो. साप मात्र आरामात दारातून निघून गेला.

वनिताचा पदर मशीनने धरला तेव्हा तर बटण कुणाला सापडेना. ती ओढली जातेय, आम्ही किंचाळतोय... आणि लाईट गेली! रोज लाईट जाण्यावरून बोटं मोडणारी वनिता पदर सोडवत म्हणाली, "आता लाईट गेली तर कोनी शिव्या द्यायच्या नायत हां!"

मग गणपती झाले आणि टेम्पो भरून जुनी मखरं आली. एकीचाही हात पुढे होईना.

"उत्तरपूजा झाली का नाय, कोनाला ठाव? देव अजून आत बसलेला असला तर?"

मखरं शेडबाहेर पडून राहिली. थर्माकोलचे दाणे उडून शेजारच्या उभ्या भातात जायला लागले. शेतकरी बांधावरून ओरडला, "उद्यापर्यंत उचला, नायतर मीच काडी लावतो!"

लावली असती तर शेडही गेली असती. शेवटी काशीने प्रत्येक मखराला हळदकुंकू लावलं, उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तसं जागेवरून जरासं हलवलं.

"उठा बाप्पा, मशीन तापलंय," म्हणाली आणि डोळे मिटून आत टाकलं.

दिवाळीनंतर कारखान्यातून त्या मालाची पहिली फ्रेम आली. शेठनी ती कौतुकाने भिंतीवर लावली, रिकामीच. सकाळी पाहतात तर फ्रेमच्या कोपऱ्यात अगरबत्ती खोचलेली! शेठ पांढरेफटक पडले.

"इथे अगरबत्ती? कुणी लावली?"

काशी पुढे झाली. "पेटवली नाय, शेठ. देवाला ठाव हाय, इथं काडी चालत नाय."

अगरबत्ती काढायला शेठनी हात वर नेला. मग तो खाली घेतला, आणि चपला काढल्या.